विलगतेच्या काळात कुमारवयीन मुलांची मैत्री
(उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

साथीच्या रोगामुळे शाळा बंद पडणे हा अनुभव महाराष्ट्रास सर्वस्वी नवा नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात औंध येथे प्लेग उद्भवला, तेव्हा बाहेरगावाहून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांना आपापल्या घरी परत जावे लागले. त्या विद्यार्थ्यांत पालगडचा पांडुरंग सदाशिव साने हा मुलगाही होता. हाच पुढे साने गुरुजी म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित झाला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, कोविडच्या साथीमुळे राज्यातील सर्वच शाळांची दारे बंद झाली. या वेळी खंड काही आठवड्यांचा नव्हता. त्याने दोन शैक्षणिक वर्षे व्यापली.

शाळा बंद झाली म्हणजे पाठ बुडाले, असा विचार प्रथम मनात येतो व तो योग्यच आहे. परंतु बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे शाळेत पाठांखेरीज आणखी काही असते. तेथे त्याचा मित्र असतो. पाठ बुडाल्याची नोंद हजेरीपत्रकावरून व चाचणीवरून होते. मित्र दुरावल्याची नोंद कोणत्याही पत्रकात होत नाही. ती शिक्षकाने कशी करावी व त्यावर काय उपाय योजावा, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

१. दोन वर्षांत काय घडले

मार्च २०२० मध्ये जे मूल पाचवीत होते त्याचा विचार करू. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग अनेक ठिकाणी उघडले, परंतु साथीची दुसरी लाट आल्याने ते लवकरच पुन्हा बंद करावे लागले. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाले. जानेवारी २०२२ मध्ये आणखी काही दिवसांचा खंड पडला. म्हणजे पाचवीच्या बाकावरून उठलेले मूल नियमितपणे बाकावर बसू लागले ते सातवीत. ज्या गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे तेथे काही महिन्यांतच त्याने ती शाळा सोडली व ते दुसऱ्या गावच्या हायस्कुलात गेले.

या काळात शिक्षण अगदी थांबले नव्हते. 'शाळा बंद, पण शिक्षण चालू' या उपक्रमातून अभ्यासमाला घरोघर पोहोचविण्याचा यत्न झाला. सह्याद्री वाहिनीवर 'टिलिमिली' ही मालिका दाखविण्यात आली. अनेक शिक्षकांनी झाडाखाली, ओट्यावर, मंदिराच्या सभामंडपात लहान गट बसवून शिकविले. त्यांच्या श्रमांचे मोल मोठे आहे. तथापि मोबाइलवरून पाठ पाठविता येतो, तशी मधली सुट्टी पाठविता येत नाही. शिवाय मोबाइल तरी सर्वांच्या घरी कोठे होता? २०२० च्या 'असर' पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे ६२ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. उरलेल्या ३८ मुलांच्या घरी नव्हता. ज्या घरी होता तेथेही तो बहुधा वडिलांच्या खिशात शेतावर किंवा कामावर जात असे, आणि रात्री परत आला तर आधी थोरल्या भावंडाच्या हाती पडत असे. मित्राशी बोलण्यासाठी तो मागावा, ही कल्पनाच अनेक मुलांस धाडसाची वाटे.

येथे एक शंका येईल की, ती साथ आता ओसरली आहे, तिची चर्चा आज कशास? तिचे उत्तर असे की, विलगतेचे निमित्त बदलते, विलगता कायम राहते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर गाव सोडतात व उन्हाळ्यात परततात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वाडीवरची मुले अनेक दिवस शाळेपासून तुटतात. दीर्घ आजारातील मूल, बापाची बदली झाल्याने वर्षाच्या मध्यास नव्या शाळेत आलेले मूल, दोन घरांच्या भांडणामुळे शेजारच्या मुलाशी बोलण्यास बंदी झालेले मूल, ही सर्व मुले आपापल्या लहानशा टाळेबंदीत असतात. आणि मुलगी वयात आली की तिचे खेळणे, विहिरीवर किंवा मैत्रिणीच्या घरी जाणे एकाएकी थांबते. तिच्यापुरती तर ही टाळेबंदी कोणत्याही साथीवाचून येते व पुष्कळदा उठतच नाही. २०२० ने जे सर्व मुलांस एकदम दाखविले ते काही मुलांच्या वाट्यास दरवर्षी येत असते.

२. या वयास मित्र का लागतो

लहान मुलास खेळगडी लागतो. जो समोर असेल तो त्यास चालतो. आज एक, उद्या दुसरा. परंतु दहाव्या वर्षाच्या आगेमागे एक पालट दिसू लागतो. मुलास कोणीतरी एक 'आपला' हवा असतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी या जिवलग मैत्रीस मोठे महत्त्व दिले होते. त्यांचे या विषयावरील विचार १९५३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते अशा मैत्रीत मुलास प्रथमच दुसऱ्याचे सुख आपल्या सुखाइतकेच मोलाचे वाटू लागते, आणि मित्राच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहावयास मिळाल्याने त्याचे स्वतःविषयीचे पुष्कळसे गैरसमज दूर होतात.

पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर ही गरज अधिक तीव्र होते. आवाज फुटतो, अंगाची ठेवण बदलते, मुलीस पाळी येते, मनात नवे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न वडीलधाऱ्यांस विचारण्याची लाज वाटते. 'हे माझ्याच एकट्याच्या बाबतीत होते की सर्वांच्या?' या प्रश्नाचे उत्तर मुलास सोबत्याकडूनच मिळते आणि 'सर्वांच्या' असे कळले की निम्मे ओझे उतरते. घरातील भांडण, बापाचे व्यसन, कर्जाची चिंता, याही गोष्टी मूल प्रथम मित्रापाशीच बोलते. शाळेच्या वाटेवर दोघे बरोबर चालत असता जे बोलणे होते, त्याने मुलाचे मन स्वच्छ होते. ती वाट बंद झाली की ते सारे मनातच साचते.

मित्राशी भांडण होणे व पुन्हा गोडी होणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. रुसवा कसा काढावा, चूक कशी कबूल करावी, लगोरीत हरल्यावर कसे वागावे, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. दोन वर्षे यांचा सराव सुटलेली मुले परत आली तेव्हा क्षुल्लक कारणावरून हातघाईवर येणारी मुले पुष्कळ शिक्षकांच्या दृष्टीस पडली. त्यांस 'बिघडलेली' म्हणणे सोपे होते. वस्तुतः त्यांचा एका विषयाचा अभ्यास मागे पडला होता आणि त्या विषयास वेळापत्रकात तासिका नव्हती.

३. एकटे असणे व एकाकी असणे

या दोन अवस्थांतील भेद शिक्षकाने नीट ध्यानात घ्यावा. गुरे राखणारा मुलगा दिवसभर माळावर एकटा असतो; पण संध्याकाळी पारावर त्याची वाट पाहणारे कोणी असेल तर तो एकाकी नसतो. उलट दहा माणसांच्या घरात व चाळीस मुलांच्या वर्गात बसलेले मूल एकाकी असू शकते. एकटेपणा डोळ्यांना दिसतो. एकाकीपणा त्या मुलासच जाणवतो. काही मुले स्वभावतःच शांत असतात, त्यांस एखादाच मित्र पुरतो व ती त्यात सुखी असतात. त्यांना बळेच गर्दीत ढकलण्याचे कारण नाही.

एकाकीपणाचा मनावर काय परिणाम होतो, याचा २०२० मध्ये इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या मारिया लोड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आढावा घेतला. त्यांनी ६३ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ५१,५७६ मुले व तरुण यांची माहिती होती. यांतील बहुतेक अभ्यास कोविडपूर्वीचे होते. त्यांतून असे दिसले की, एकाकीपणाचा व नंतरच्या खिन्नतेचा संबंध कित्येक वर्षांनी, काही अभ्यासांत तर नऊ वर्षांनीही, आढळतो. शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष पुढेच आहे. एकाकीपणा किती तीव्र होता यापेक्षा तो किती काळ टिकला, याचा मनःस्वास्थ्याशी अधिक निकटचा संबंध दिसून आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही जगातील सुमारे सहा माणसांमागे एकास एकाकीपणा जाणवतो असे म्हटले असून, कुमारवयात व तरुणपणी त्याचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले आहे.

या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. 'मुले आहेत, रुळतील हळूहळू' असे म्हणून वाट पाहणे, हाच यातला धोका होय. शिक्षकास एकाकीपणाचे कारण नेहमीच दूर करता येणार नाही. साथ, दुष्काळ, स्थलांतर या गोष्टी त्याच्या हाती नाहीत. परंतु एकाकीपणाचा काळ कमी करणे पुष्कळदा त्याच्या हाती असते. एकाच मुलाशी, एकदाच, पण लवकर जोडून दिलेला धागाही उपयोगी पडतो.

४. ओळखावे कसे

एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. तो एका शाळेतला नव्हे. ऑक्टोबर २०२१ नंतर असा मुलगा अनेक शाळांत होता. पाचवीत तो चांगला बोलका होता, पाढे बिनचूक म्हणत असे. सातवीत परतला तो मुका झाल्यासारखा. विचारले तर उत्तर देई, पण आपण होऊन काही बोलत नसे. मधल्या सुट्टीत वर्गातच थांबे. गुरुजींनी चाचणी घेतली, भागाकार कच्चा निघाला, म्हणून त्यास उपचारात्मक वर्गात बसविले. भागाकार सुधारला, मुलगा तसाच राहिला. पुढे सहज चौकशीत कळले की, त्याच्या बाकावर बसणारा मुलगा टाळेबंदीत आईवडिलांबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात कामास गेला, तो परत आलाच नव्हता. ही गोष्ट वर्गात सर्वांस ठाऊक होती. गुरुजींनी ती कोणास विचारली नव्हती.

पुढील चिन्हे दोन-तीन आठवडे सतत दिसल्यास शिक्षकाने त्यांची दखल घ्यावी :

(अ) मधल्या सुट्टीत मूल रोज वर्गात थांबते, अथवा शिक्षकांच्याच आसपास राहते.
(आ) गट पाडताना ते नेहमी शेवटी उरते व त्यास कोणत्या तरी गटात घालावे लागते.
(इ) पूर्वी आवडणाऱ्या खेळात, गाण्यात, चित्रकलेत त्याचे मन रमत नाही.
(ई) पोट दुखते, डोके दुखते, अशी तक्रार वारंवार होते व विशेषतः शाळेत जाण्याच्या वेळीच होते.
(उ) डबा खाल्ला जात नाही. झोप न झाल्याने मूल वर्गात पेंगते.
(ऊ) लहानशा थट्टेने ते रडू लागते किंवा अंगावर धावून जाते.

यांतील एखादे चिन्ह आजारामुळे, उपासमारीमुळे किंवा घरच्या कामामुळेही असू शकते. म्हणून निष्कर्षाची घाई करू नये. प्रथम पाहावे, मग विचारावे, आणि विचारणे एकांतात असावे. 'तुला काय झाले आहे?' या प्रश्नास मूल बहुधा 'काही नाही' असेच उत्तर देते. 'हल्ली शाळेतून घरी जाताना बरोबर कोण असते?' या प्रश्नाने अधिक कळते.

५. वर्गाचा समाजालेख

डोळ्यांस जे दिसत नाही ते पाहण्याचे एक साधन अध्यापक विद्यालयात बहुतेकांनी अभ्यासिले आहे, पण नोकरीत फार थोड्यांनी वापरले आहे. ते म्हणजे समाजमिती. जेकब मोरेनो यांनी न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या निवासी शाळेत या पद्धतीचा उपयोग केला व १९३४ मध्ये आपल्या ग्रंथात ती मांडली. तिला कागद व पेन्सिल याखेरीज काही लागत नाही.

प्रत्येक मुलास एक चिठ्ठी द्यावी व खरोखरच घडावयाच्या एखाद्या कामाविषयी प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ, 'पुढील महिन्यात सहल आहे. आपल्या गटात कोण असावे असे वाटते? तीन नावे लिहा.' चिठ्ठी गुप्त राहील असे सांगावे व तो शब्द पाळावा. नंतर घरी बसून कागदावर प्रत्येक मुलासाठी एक वर्तुळ काढावे व ज्याने ज्याची निवड केली त्याच्याकडे बाण काढावा.

समजा, वर्गात २४ मुले आहेत. प्रत्येकाची तीन नावे धरून एकंदर ७२ बाण होतील. म्हणजे सरासरीने प्रत्येकाकडे तीन बाण यावयास हवेत. प्रत्यक्षात एखाद्याकडे नऊ बाण आलेले दिसतील. अशा मुलास वर्गाचा 'तारा' म्हणतात. दोन किंवा तीन मुलांकडे एकही बाण आलेला नसेल. हीच एकाकी मुले. आता त्यांच्याकडून गेलेले बाण पाहावेत. ज्या मुलाकडे कोणीच येत नाही, त्यानेही तीन नावे लिहिली आहेत. त्यास कोणाजवळ जावेसे वाटते, हे त्या तीन बाणांनी सांगितलेले असते. उपायाचा आरंभ तेथून करावयाचा असतो.

त्या तिघांपैकी मनाने मोकळा व फार गर्दीत नसलेला एक निवडावा आणि दोघांस मिळून एखादे नित्याचे काम द्यावे. बागेस पाणी घालणे, ग्रंथपेटीतील पुस्तकांची देवघेव, परिपाठाची बातमी लिहिणे, पर्जन्याची नोंद ठेवणे, असे कोणतेही काम चालेल. मात्र ते दोघांवाचून होऊ नये आणि त्यात रोज थोडा वेळ बोलावयास मिळावा. 'ताऱ्या'च्या पदरी अशा मुलास बांधू नये. त्याचे मित्र आधीच पुष्कळ असतात, आणि नवा मुलगा त्याच्यामागून फिरणारा होऊन बसतो. दोन महिन्यांनी दुसऱ्या एखाद्या प्रश्नाने समाजालेख पुन्हा काढावा. एक बाण जरी दोन्ही बाजूंचा झाला, तरी काम साधले असे समजावे. मुलास वीस मित्र असण्याची आवश्यकता नाही.

या साधनाविषयी तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. 'तुला कोण आवडत नाही?' असा प्रश्न कधीही विचारू नये. चिठ्ठ्या अथवा आलेख मुलांच्या, पालकांच्या वा सहकाऱ्यांच्या दृष्टीस पडू देऊ नये. आणि आलेखात जात, वस्ती वा पाडा यांप्रमाणे वर्गाचे तुकडे पडलेले दिसल्यास ते मुलांचे अपराध मानू नयेत. गावातील रेषाच त्या कागदावर उतरलेल्या असतात. त्या पुसण्याचे काम बैठकव्यवस्थेपासून, डब्याच्या पंगतीपासून व खेळाच्या संघांपासून सुरू करावे.

६. विलगता आली असता

उपाय विलगता येण्यापूर्वी ठरलेला असावा. त्यासाठी पुढील योजना लहान शाळेसही झेपण्यासारख्या आहेत.

सोबत्यांची साखळी : जूनमध्येच प्रत्येक मुलाचे दोन सोबती ठरवावेत, एक त्याच्या आवडीचा, दुसरा त्याच्या घराजवळचा. शाळा कोणत्याही कारणाने बंद पडली किंवा मूल गैरहजर राहू लागले, की आठवड्यातून दोनदा सोबत्याची खबर घेणे हे त्या दोघांचे काम. शिक्षकाने वहीत एवढेच टिपावे की, या आठवड्यात कोण कोणास भेटले व कोणास कोणीच भेटले नाही. साथीच्या काळात आरोग्य विभागाच्या सूचना पाळूनच भेट व्हावी. अंतर ठेवून, अंगणाच्या कुंपणापलीकडून झालेले बोलणेही बोलणेच असते.

पत्र व हस्तलिखित : अमळनेर येथे छात्रालयाचे काम पाहत असता साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. एका वहीने मुले एकमेकांस जोडली जातात, हे त्यामागील मर्म आजही उपयोगी पडणारे आहे. वर्गाची एक वही घरोघर फिरवावी. प्रत्येकाने त्यात एक पान लिहावे, चित्र काढावे, कोडे घालावे व आधीच्या पानास उत्तर द्यावे. ऊसतोडणीस गेलेल्या मुलास मुकादमामार्फत अथवा जाणायेणाऱ्या माणसाबरोबर वर्गाचे पत्र पाठवावे. त्यात अभ्यास कमी व गावची खबर अधिक असावी : कबड्डीत कोण जिंकले, कोणाच्या गाईस वासरू झाले, त्याच्या जागेवर सध्या कोण बसते आणि ती जागा त्याच्यासाठी कशी राखली आहे.

मोबाइलचा उपयोग : जेथे मोबाइल आहे तेथे पाठाच्या वेळेतून दहा मिनिटे मुलांच्या आपसांतील बोलण्यासाठी ठेवावीत. ज्यांच्या घरी मोबाइल नाही त्यांस शिक्षकाने गृहभेटीच्या वेळी आपल्या मोबाइलवरून सोबत्याशी बोलू द्यावे. गृहभेटीत मुलाचा गृहपाठ पाहण्याआधी त्याच्या सोबत्याचा निरोप सांगावा.

मुलींची भेट : मुलीचे बाहेर जाणे बंद झाले असल्यास शिक्षिकेने किंवा अंगणवाडी सेविकेने तिच्या आईशी बोलून आठवड्यातून एक ठरलेली भेट मंजूर करून घ्यावी. शिवण, वाचन, भोंडल्याची तयारी, असे काहीही निमित्त चालेल. मुलीच्या मैत्रिणी तुटल्या की तिच्यावर काय संकट येत आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. अकाली लग्न ठरल्याची वार्ता शाळेस प्रथम मैत्रिणीकडूनच कळते, हे पुष्कळ शिक्षिकांच्या अनुभवाचे आहे.

परतल्यानंतरचा पंधरवडा : खंडानंतर शाळा उघडताच पहिल्या दिवशी चाचणी घेऊ नये. पहिल्या पंधरवड्यात रोज एक तास खेळ, गोष्टी, श्रमदान व गप्पा यांस द्यावा. खो-खो व लंगडी हे खेळ या कामी विशेष उपयुक्त आहेत, कारण त्यांत प्रत्येकाची पाळी येते. जे मूल परतले नाही त्याचे नाव वर्गात घ्यावे व ते कोठे आहे हे मुलांस विचारावे. बुडालेला अभ्यास भरून काढण्यास वेळ अपुरा असताना हा तास वाया जातो असे वाटेल. परंतु ज्याचे मन शाळेत नाही त्याच्यापुढे केलेली उजळणीही वायाच जाते.

७. टाळावयाच्या गोष्टी

शिक्षकाचा हेतू चांगला असूनही काही चुका सहज घडतात. बोलतात म्हणून जोडगोळी फोडून दोघांस दोन टोकांस बसविणे, ही त्यांतील पहिली. बडबडीबद्दल अवश्य रागवावे, पण शिक्षा म्हणून मैत्री तोडू नये. दुसरी चूक, सर्वांसमक्ष 'याला कोणी मित्र नाही, याला तुमच्यात घ्या' असे सांगणे. यात दयाबुद्धी असली तरी मूल कायमचे खाली मान घालते. तिसरी, मुलामुलींच्या साध्या बोलण्यावरून थट्टा करणे अथवा ती थट्टा चालू देणे. चौथी, मुलांची पत्रे वा चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखविणे. आणि पाचवी, विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत गमतीने सांगणे. ही अखेरची चूक एकदा झाली की त्या वर्गातील कोणतेही मूल पुन्हा त्या शिक्षकापाशी मन मोकळे करीत नाही.

८. शिक्षकाच्या शक्तीपलीकडचे

मैत्री हे औषध गुणकारी असले तरी सर्व रोगांवर चालत नाही. जे मूल आठवडेच्या आठवडे खिन्न राहते, स्वतःस इजा करते, किंवा 'मी नसलो तर बरे', 'आता जगून काय करायचे' अशा अर्थाचे बोलते, त्याचे बोलणे पोरकटपणा म्हणून सोडून देऊ नये. त्यास रागावू नये, उपदेश करू नये. शांतपणे ऐकावे, एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी पालक व मुख्याध्यापक यांस सांगून वैद्यकीय अधिकाऱ्यांची मदत घ्यावी. 'हे कोणास सांगू नका' असे मुलाने विनविले तरी जीवितास धोका असता ते वचन देऊ नये. मात्र कोणास व कशासाठी सांगणार, हे त्यास आधी सांगावे.

१४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. मूल संकटात असल्यास १०९८ या क्रमांकावर बालसाहाय्य मिळते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी सल्ला-केंद्रे चालविली जातात. महाराष्ट्रात त्यांस 'मैत्री' हे नाव देण्यात आले आहे. वरील दोन्ही क्रमांक वर्गातील फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असावेत, म्हणजे कोणास विचारण्याची लाज वाटणार नाही.

समारोप

वर ज्या मुलाचा उल्लेख आला त्याचा मित्र परत येत नाही. शिक्षकास तो आणून देता येत नाही. मात्र मित्र गेल्याचे दुःख खरे आहे, असे त्या मुलास कोणीतरी म्हणावे लागते. मित्राचा पत्ता मिळवून एक पत्र धाडण्यास मदत करावी लागते. आणि बागेस पाणी घालताना त्याच्या बादलीचा दुसरा कान धरणारे कोणीतरी शोधून द्यावे लागते. एवढे झाले तर काही आठवड्यांनी मधल्या सुट्टीत तो मुलगा वर्गाबाहेर दिसतो. ही प्रगती कोणत्याही तक्त्यात भरली जात नाही. तथापि शाळा पुन्हा खरोखर उघडली, असे त्या मुलापुरते त्या दिवशी म्हणता येते.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या एका तरी जिवलग मित्राचे नाव सांगता येते काय? ज्यांचे सांगता येत नाही अशी मुले किती?
२. गेल्या वर्षी सलग पंधरा दिवसांहून अधिक काळ गैरहजर राहिलेल्या मुलांशी वर्गाचा संपर्क कोणी व कसा ठेवला?
३. आपल्या गावात मुलगी वयात आल्यानंतर तिच्या मैत्रिणींची भेट कोठे होऊ शकते? तशी जागा नसल्यास शाळा ती देऊ शकेल काय?
४. एका वर्गाचा समाजालेख तयार करून, नावे गुप्त ठेवून, त्यातून आढळलेल्या गोष्टी पुढील संमेलनात मांडाव्यात.